हुबेहूब माशी

४ ऑक्टोबर, सोमवार

लोक माश्या मारतात. मी बांधतो! हिने आज शेजारणीला अगदी असंच सांगितलं — "आमचे हे माश्या बांधतात." शेजारीण म्हणाली, "कशाला?" ही म्हणाली, "तेच तर लग्नापासून विचारतेय."

खरं तर मी बांधतो तिला माशी म्हणणंच चूक. वीतभर लांब असते. गळावर केस, पिसं, चमचमता दोरा बांधून केलेला खोटा मासा — मोठ्या शिकारी माशाला फसवायला. पण सगळे माशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ब्रशच्या कारखान्यात केस जुळवता जुळवता हा नाद लागला. आखूड पडलेले केस मुकादम घरी नेऊ देतात. "न्या, न्या. तुमच्या डोक्यावर तरी कुठे उरलेत!"

मी स्वतः कधी गळ टाकला नाही. मासा तडफडताना बघवत नाही. माशी बांधायला मात्र फार आवडतं. यातला मेळ देवाला कसा समजावून सांगायचा, ते अजून सुचलेलं नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी मामा आले — हिचे वडील. आले ते रागातच. मागच्या महिन्यात नावेतून उतरताना पाण्यात पडले, धक्क्यावरच्या माणसाने कॉलर धरून वर काढलं. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. हिने तर वचनच घेतलं. वचन असं — हेडमास्तर मिळाला की नाव विकायची आणि घरी बसायचं.

हेडमास्तर म्हणजे तळ्यातला तो थोराड मासा. तो आला की बाकीचे चिडीचूप होतात, म्हणून हे नाव. मामांचा आणि त्याचा जुना दावा.

मामांनी रुमालाची गाठ सोडली. आत एक जुनी माशी. "घड्याळजीने बांधलेली. जोडी होती. एक हेडमास्तरने तोडून नेली, ही राहिली. त्याची आठवण आहे, ही पाण्यात घालणार नाही मी. हिच्यासारखी बांधा. हुबेहूब! तसूभर फरक नको." घड्याळजी हे मामांचे जिवलग मित्र. गेले बिचारे.

"जमेल ना जावईबापू? की नेहमीसारखं?"

नेहमीसारखं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मी दुरुस्त केलेला नळ अजून त्यांच्या लक्षात आहे.

मामा गेल्यावर ही माझ्यापुढे उभी राहिली, हात ओलेच. "अहो, अशी बांधा की तो सुटताच कामा नये. पुढच्या वेळी कॉलर धरायला कुणी नसलं तर?" मग पदराने डोळे पुसले. मामा पडले त्या दिवसापासून फोन वाजला की ही दचकते.

७ ऑक्टोबर, गुरुवार

नमस्कार करून कामाला बसलो. या माशीला मध्ये सांधा असतो — दोन गळ, पुढे एक, मागे एक. मागच्या गळाच्या नाकातून तार ओवायची, तारेत दोन मणी, आणि तारेची टोकं पुढच्या गळाच्या दांडीवर दोऱ्याने आवळायची. मग पाण्यात मागचा अर्धा भाग डावीउजवीकडे डुलतो. ही बघून म्हणाली, "माशी आहे की नाचणारीण?"

घड्याळजींचं काम बारीक. तारही बारीक — घड्याळाच्या पोटातून काढावी तशी. एवढ्या तारेवर हेडमास्तर? मी दुप्पट जाड घातली. शिवाय जुन्या माशीचा एक डोळा गळून पडला होता. मी दोन्ही लावले. आणखी एक गंमत. गळाचा उलटा दात, ज्याने मासा अडकून राहतो, तो घड्याळजींनी पक्कडीने दाबून सपाट केलेला! देवभोळे असावेत. तेवढं मात्र मी आनंदाने तसंच केलं.

१० ऑक्टोबर, रविवार

मामांनी माशी प्रकाशात धरली. तोंड कडू.

"दोन डोळे कुठून आले?"

"मामा, एक पडला होता म्हणून —"

"मी डोळे मागितले होते? आणि ही तार आहे की नांगराची साखळी? केसाने गळा कापताय माझा! हुबेहूब म्हणजे काय शिकवलं तुमच्या शाळेत?"

आमच्या शाळेत तर तेच शिकवलं! गुरुजी फळ्यावर ओळ लिहायचे, आम्ही खाली कित्ता गिरवायचा. एकदा गुरुजींकडून काना राहिला. साऱ्या वर्गाने काना न देता पाटी भरली. गुरुजी सगळ्या पाट्या बघून म्हणाले, "आज्ञाधारक आहात रे." ते कौतुक होतं की काय, हे मला आजही ठरवता येत नाही.

११ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा नमस्कार. पुन्हा सुरुवात. डोळा एक. तार बारीक.

१३ ऑक्टोबर, बुधवार

डब्याच्या सुट्टीत मुकादमांना नवी माशी दाखवली. पोट धरून हसले. "मूळ एकडोळी म्हणून नक्कलही एकडोळी! हे म्हणजे मक्षिकास्थाने मक्षिका! त्या कारकुनाला पोथीत मेलेली माशी चिकटलेली दिसली, तर पठ्ठ्याने नकलेत एक मारून चिकटवली. तुम्ही त्याचेच वंशज!"

मी म्हटलं, "त्याने मारली. मी बांधली."

घरी आल्यावर माशी खिडकीत वाळत ठेवली. हात धुऊन येतो तो जागेवर नाही! बोका तोंडात धरून कपाटावर बसलेला. ही खालून ओरडतेय, "सोड रे मेल्या, बाबांची आहे!" शेवटी दुधाच्या वाटीवर तडजोड झाली. शेपटीचे थोडे केस गेले, ते पुन्हा भरले.

मामांना कळवलं. म्हणाले, "बोक्याने घेतली? मग चव आहे."

१६ ऑक्टोबर, शनिवार

मामांनी माशी पास केली! तार नखाने टिचकी मारून तपासली. डोळा मोजला — एकच. "आता कसं! उद्या तुम्हीही चला."

मी आजवर तळ्यावर गेलेलो नाही. ही म्हणाली, "जाच. पडले तर कॉलर तुम्ही धरा." धक्क्यावरच्या माणसाला हिने नावेसाठी गिऱ्हाईकही बघायला सांगितलंय. मामांना माहीत नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

आज अक्षर वाकडं येतंय.

धुकं होतं. मी नावेच्या मध्यावर, मामांच्या कॉलरवर नजर ठेवून. मामा माशी फेकत, ओढत, थांबत. पाण्यात ती एका बाजूला कलून चालायची, एखादा मासा जखमी व्हावा तशी. एक डोळा नसल्यामुळे असेल. मला तिची दया आली. स्वतःच्याच माशीची!

आणि मग पाणी फाटलं. गळाची काठी वाकून पाण्याला टेकली. "या मास्तर, या!" मामा ओरडले. नाव गिरकी घेत होती. मी एका हाताने कॉलर धरली, डोळे मिटले. आता प्रार्थना कुणासाठी करायची? माशासाठी केली तर सासरे नाराज, सासऱ्यांसाठी केली तर एका जिवाचं मरण माझ्या माथी. घाईघाईत एवढंच म्हटलं — देवा, दोघांचंही बघ.

डोळे उघडले तर तो नावेला लागून! केवढा! सोनेरी डोळा, आणि नजर थेट माझ्याकडे — पाटी दाखव, असं म्हणावं तशी. मी खरंच सावरून बसलो.

टक्.

काठी सरळ झाली. दोरीला माशीचा पुढचा अर्धा भाग लोंबत होता. सांध्यातून तुटलेली बारीक तार. मागचा भाग हेडमास्तरबरोबर गेला.

"मामा, चुकलो. तार..."

मामा त्या अर्ध्या माशीकडे बघून हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "तुमचं काय चुकलं? तार घड्याळजीचीच! दात दाबलेलाय, दुपारपर्यंत थुंकून देईल तो." माझी समजूत घालत होते. एवढं दुःख, तरी जावयाचं मन राखलं! परत येताना गुणगुणत होते. धक्क्यावर टुणकन उतरले. कॉलर माझ्या हातात, म्हणून मीच पडता पडता वाचलो.

१८ ऑक्टोबर, सोमवार

"सगळं हुबेहूब होतं ना? मग माशी शिंकली कुठे?" हिने विचारलं.

"सांध्यात."

"मग पुढच्या वेळी जाड तार घाला! कुणी काहीही म्हणो." गिऱ्हाईक परत गेलं म्हणून सकाळपासून भांडी आपटणं चाललंय.

दोघांचंही बघ, असं मी म्हटलं होतं. देवाने अक्षरशः तेच केलं. तिसरी व्यक्ती घरी होती, ती राहूनच गेली. प्रार्थनेत माणसं मोजून घ्यावीत.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

हिचं म्हणणं पटलं. पुढची माशी जाड तारेवरच बांधायची. मामा रागावले तर रागावोत.

२० ऑक्टोबर, बुधवार

मामा येऊन गेले. ही स्वयंपाकघरात होती. टेबलावरचं माझं जाड तारेचं रीळ उचलून त्यांनी स्वतःच्या खिशात घातलं. दुसऱ्या खिशातून बारीक तारेचं कोरं रीळ काढून त्या जागी ठेवलं — माझा जन्म संपेल, ते संपणार नाही.

"घड्याळजी द्यायचा तीच," हळूच म्हणाले. "हुबेहूब, जावईबापू." आणि डोळा मारला. एकच.