तिसऱ्या कपाटातला बेडूक

९ जून २०२५, सोमवार
सकाळी ठीक १०.४० ला देऊळगाव राजाच्या स्टँडवर उतरले. गाडी पाठवतो असं कॉलेजने कळवलं होतं, ११.२५ पर्यंत कुत्रंही फिरकलं नाही. तक्रार लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे मन प्रसन्न झालं. खोली स्वच्छ आहे, खिडकीशी कडुनिंब. जालन्याला तेहतीस वर्षं जीवशास्त्र शिकवल्यावर, बंद पडलेलं संग्रहालय लावून द्यायचं आणि बरण्यांवर मराठी चिठ्ठ्या लिहायच्या, याहून चांगलं काम कोणतं?

१० जून
काय खजिना आहे! पाठीच्या कातडीत अंडी उबवणारा दक्षिण अमेरिकेतला बेडूक. तुटलेला पाय पुन्हा उगवणारा मेक्सिकोचा सॅलॅमँडर. बरगड्यांच्या पंखांवर तरंगणारा सरडा. शिवाय देवगांडूळ, दिसायला गांडूळ पण बेडकांच्या गोतातलं. त्याच्यावर कुणा शहाण्याने ‘साप’ अशी चिठ्ठी डकवली होती. शिपाई मोतीराम म्हणाला, “मॅडम, मेलेल्याले नावानं काय फरक पडते?” त्याला अर्धा तास फरक समजावला. शेवटी म्हणतो, “मले तर आता सापच बरा वाटून राह्यला.”

११ जून
तिसऱ्या कपाटातल्या बरण्या माझ्याच जुन्या शाळेच्या निघाल्या. तिथली प्रयोगशाळा मोडली तेव्हा इकडे दिल्या असणार. शेवटच्या बरणीत मोठा बेडूक, छाती उघडी, पाय पिनांनी टाचलेले. चिठ्ठी माझ्या अक्षरात: ‘१९ ऑगस्ट १९९४, सकाळी ११.२०.’
दुपारी त्याचं हृदय हललं. उजेडाचा खेळ असेल. मोतीरामला दाखवलं, तो म्हणाला, चष्म्याचा नंबर काढून घ्या. उद्धट माणूस.

१२ जून
पुन्हा हललं. मनगटावर बोट ठेवून पाहिलं. त्याचा ठोका आणि माझा ठोका एकच.
त्या दिवशीची हकिगत लिहून टाकते. क्लोरोफॉर्म आलेला नव्हता, दोष भांडारपालाचा —
हे लिहिताना बरणीतलं हृदय थांबलं. माझंही. डोळ्यांपुढे अंधारी. कसंबसं वाक्य खोडलं, तेव्हा दोन्ही सुरू झाली.

१३ जून
खोटं लिहिलं की थांबतं. तर मग खरं लिहिते.
क्लोरोफॉर्म कपाटात होता. किल्ली मी घरी विसरले होते. तास रद्द केला तर मुली हसतील, म्हणून बेडूक तसाच, जिवंत टाचला. वर्गातली सबीहा उठून म्हणाली, “मिस, तो बघतोय.” मी तिला पुढे बोलावलं. ट्रे तिच्या हातात दिला आणि ठोके थांबेपर्यंत उभं केलं. पस्तीस मिनिटं. वर तिच्याकडूनच माफीनामा लिहून घेतला. तिने सायन्स सोडलं. दाखल्यावर मी कारण लिहिलं, कुवत नाही.
लिहून होईपर्यंत हृदय शांत चालू होतं.

१६ जून
आज सगळ्याच बरण्या — सॅलॅमँडर, सरडा — तोंडं माझ्याकडे. देवगांडुळाला धड डोळेही नसतात, तरी —
मोतीराम जवळच्या बीबी गावचा. सबीहा आता तिथेच शिवणकाम करते म्हणे. त्याच्या बायकोचे ब्लाऊज तिच्याकडेच. अंगणात बेडूक दिसला की ती अजून हात धुवत बसते. साबण संपेस्तोवर, असं तो हसत म्हणाला. मी हसले नाही.

१७ जून
मिनिटाला सोळा ठोके. बरणीत. माझ्यातही. डॉक्टरला वाटलं, त्याचं यंत्र बिघडलं — दाराशी जातानाच धाप —
नुसतं वहीत लिहून भागत नाही. तिला सांगायला हवं.

१८ जून, सकाळ
नऊ ठोके.
मोतीराम चिठ्ठी घेऊन बीबीला निघतोय. मजकूर आधी इथे —
सबीहा, तू खरं बोललीस. तो बघत होता. तुझा माफीनामा मी रद्द करते — नाही, रद्द करणारी मी कोण — मी माफी मागते. माफ कर, नको करूस, पण उत्तर लेखी हवं. २० जून, दुपारी बाराच्या आत. उशीर चालणार नाही. हे मी माझा जीव वाचवायला लिहीत नाहीये, केवळ तुझ्या —