दुसऱ्या हेडसेटमधला आवाज

३ मार्च
बोदवडजवळच्या धावपट्टीवर आज रुजू झाले. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं, दिवसाचंच काम. टॉवरच्या काचेतून रावेरकडून येणारे केळीचे ट्रक दिसतात. जागा आवडली. माझ्या हाताखाली शिकाऊ नियंत्रक एकच, जिनल. धुळ्याच्या कापडदुकानदाराची मुलगी. ती विमानांशी बोलते, मी शेजारी दुसरा हेडसेट लावून ऐकते. ती चुकली तर मी बटण दाबायचं. मग तिचा आवाज तुटतो, वैमानिकाला माझा जातो. अग्निशमन गाडीचे चालक तोतारामभाऊ म्हणाले, "आठे इमानस्पेक्षा कुत्रा जास्त उतरतस, मॅडम." कुत्री हाकलायचं कामही त्यांचंच.

९ मार्च
एका विमानाचं इंजिन हवेत अडखळू लागलं. जिनलने बाकीची विमानं दूर ठेवली, वारा सांगितला, गाडी सज्ज करवली. क्रम अचूक. कौतुक केलं तर म्हणाली, मॅडम, तुम्हीच कानात एकेक सांगत होतात.
मी काहीच बोलले नव्हते. ताणात माणसाला शिकवलेलं पुन्हा ऐकू येतं, असं तिला समजावलं.

१४ मार्च
आज मीही ऐकला. माझाच आवाज, माझ्याच संथ लयीत. बटणाला मी हात लावला नव्हता. त्याने एका विमानाला उतरायची परवानगी दिली. धावपट्टीवर तेव्हा भाऊंची गाडी होती. जिनल काचेतून पाहून ओरडली, पण तिचा आवाज गेलाच नाही. वैमानिकाने गाडी स्वतःच पाहिली आणि विमान वर घेतलं. चाकं टपावरून गेली.
भाऊ वर आले. एवढंच विचारलं, "ताई, मन्हावर राग शे का?"

१५ मार्च
तंत्रज्ञ सुकदेव यांनी हेडसेट उघडून तपासला. दोष नाही. रेकॉर्डिंगमध्ये आवाज माझाच. पुन्हा असं झालं तर माझा परवाना जाईल, असं सांगण्यात आलं. हेडसेट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

१७ मार्च
शिकाऊ वैमानिक अखिल पहिल्यांदाच एकटा वर गेला आहे. धावपट्टीच्या मध्यावर दुसरं विमान टायर फुटून बसलंय, वैमानिक आतच. अखिलला वर घिरट्या घालायला सांगितलंय. इंधन पुरेल. जिनल बोलतेय.
मी खुर्ची भिंतीशी नेली. हेडसेट नाही, माईक नाही; फक्त भिंतीवरच्या स्पीकरवर बोलणं ऐकू येतंय. हे लिहीत राहायचं. हात वहीवर होते, हे तरी नंतर –

तोच आवाज. अखिलला उतरायला सांगतोय. अखिल तेच शब्द परत म्हणतोय, होकार देतोय. जिनल नको नको म्हणतेय, तिचा आवाज जातच नाही –

विमान वळलं. भाऊ धावपट्टीवर पळताहेत, हात हलवत –

मी बोलत नाहीये. मी लिहितेय.

जिनल आता विमानाकडे बघत नाही. माझ्याकडे बघतेय. हात जोडून म्हणतेय, मॅडम, बस करा, तोंड मिटा –

माझे ओठ