मेलेल्या माशांचा ग्रुप

सौ. छबूस थोरल्या बहिणीचा, चतुराक्काचा आशीर्वाद. इकडं आमी मजेत, शेळ्याबी मजेत. तुझा गुडघा पायरी चढू देतो का ते कळव. फोनच केला असता, पण तुझा फोन सदा तुझ्या लेकाच्या, सोमनाथच्या हातात, आणि गाऱ्हाणं त्याचंच हाय.

मी शेततळ्यात मासे पाळलेत हे तुला ठाऊक हाय. (खात मी न्हाई. लेकरं तरी काय खायला पाळली होती का?) आमचा भागवत म्हणतो, आई, एकदा मासे मेले की हे खूळ बंद, तळं उसाला. तर एका सकाळी बघते, सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाक करायलेत. शेळी तोंड वर करती ती भुकेनं, जन्मभर हेच बघितलेलं. मी टोपलंभर पेंड टाकली. दुसऱ्या दिवशी जास्त तोंडं, म्हणून जास्त पेंड. मग निम्मे मासे पांढरी पोटं वर करून तरंगले.

सोमनाथ ज्याचा मुखत्यार (अ‍ॅडमिन म्हणतात ते) हाय त्या मासेवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर मी त्यांचा फोटो टाकला अन् विचारलं, कावून मेले? तिथं सगळ्यांचे मासे वासराएवढे, कुणाचा कधी मेलाच न्हाई. सोमनाथनं लिहिलं, मावशी, ग्रुपची शोभा घालवू नका, आणि मला काढून टाकलं. (ह्याला मी तेल लावून न्हाऊ घातलंय.)

पण त्याच सांजेपासून त्या ग्रुपातल्याच लोकांचे मला फोन. सगळे हळू आवाजात, आजी, आमचेबी मेलेत, कुणाला बोलू नका. वडवणीच्या मनकर्णानं सांगितलं, मासे भुकेले नव्हते बाई, त्यांचा दम कोंडला होता. उरलेली पेंड पाण्यात सडती अन् पाण्यातली हवा खाती. पेंड थांबव, मोटार लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाड. पाडलं. उरलेले वाचले. भागवतानं उसाचं नाव सोडलं.

मग नातीला, योगिताला, बसवून मी माझा ग्रुप काढला. नाव, मेलेले मासे. नियम एकच, आपल्या मेलेल्या माशाचा फोटो दाखवल्याबिगर आत यायचं न्हाई. लई गर्दी झाली. माजलगावचा एकजण पेंड टोपल्यात घालून दोरीनं पाण्यात सोडतो. टोपलं रिकामं झालं तरच पुढची. आता आमी सगळे तसंच करतो. भागवत म्हणतो, नावानं गावात हसं व्हायलंय. होऊ दे. मासे जित्ते हायेत.

तुझी चतुराक्का

ता.क. सोमनाथनं काल गुपचूप योगिताला विचारलं, मावशी मला आत घेईल का. त्याला सांग, आधी फोटो. बहिणीचा लेक म्हणून सूट न्हाई.

आणखी ता.क. आणि म्हणावं, मलाबी जुन्या ग्रुपात परत घे. माफी मी मागणार न्हाई. पण त्या बढाया ऐकल्याबिगर दुपारचा डोळा लागंना. आमच्यात सगळे खरंच बोलतात, लई कंटाळा येतो.