पाण्याला टेकलेलं जहाज

लातूर

प्रिय अंबिका,

सप्रेम जयभीम. फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहून राहिली, असं तुला वाटेल. तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि शेजारी व्यंकटभाऊजी बसलेले असतात. म्हणून लिहितेय. आधी तू एकटीनं वाच.

यांचं आता घरातल्या घरात चाललंय. खाटेपासून मोरीपर्यंत गेले की भिंतीला टेकून उभे राहतात. ऑक्सिजनचं मशीन आणलंय, ते दिवसभर घरघरत असतं. लाइट गेली की मी धावत सिलिंडर लावते. आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून पाठीशी उशा लावून बसवते. आदर्श पुण्याहून येतो, दोन दिवस राहतो आणि जातो; लेकराला नोकरी आहे. लई थकले गं. रडू येत नाही, झोपही येत नाही, नुसतं अंग जड झालंय. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

बसल्या बसल्या हे मोबाइलवर जुन्या लढाऊ जहाजांचे व्हिडिओ बघतात. परवा एका अमेरिकन जहाजाची सगळी कथा मला सांगितली, मधे मधे दम खात. दीडशे वर्षांपूर्वीचं, लोखंडी, किनाऱ्याची राखण करायला बांधलेलं. डेक पाण्यापासून जेमतेम हातभर वर, त्यावर तोफांचा एक गोल फिरता बुरूज, बाकी सगळं पाण्याखाली. लाटा डेकवरून वाहून जायच्या आणि माणसं खाली इंजिनाच्या भट्टीत शिजायची. लढाई थोडी, उभं राहणंच फार. पुढं वर्षानुवर्षं बंदरात बांधून ठेवलं. मग दुसरी लढाई निघाली तसं त्या म्हाताऱ्या जहाजाला रंग देऊन पुन्हा बंदराच्या तोंडाशी उभं केलं. लढाई दुसरीकडंच आटोपली. शेवटी भंगारात विकलं. एवढं सांगून झाल्यावर म्हणाले, आपल्या बोटीचं तरी वेगळं काय झालं?

खरंच आहे. हे आणि भाऊजी जिच्या इंजिनावर कामाला होते ती आपली गस्तीची बोट त्याच्याइतकी बुटकी नव्हती, पण तिचंही आयुष्य किनाऱ्याकिनाऱ्यानंच गेलं. मोठी जहाजं परदेशात जाऊन यायची आणि हिची गस्त संपायचीच नाही. आपण दोघी एकदाच तिच्यावर चढलो होतो. शिडीवर तू मधेच घाबरून थांबलीस आणि भाऊजींनी वरून हात दिला. मग यांनी मोठ्या हौसेनं आपल्याला खाली इंजिनाकडं नेलं. लातूर-नांदेडचे उन्हाळे काढलेली माणसं आपण, तरी तिथं उभं राहवेना. वर आल्यावर तू मला म्हणालीस, हे दोघं इथं दिवस कसे काढतात गं? ते वादळही आठवतंय ना? बाकी बोटी बंदरात परतल्या आणि ही कोळ्यांना आणायला बाहेर गेली. आपण क्वार्टरच्या फाटकापाशी बसून राहिलो, कुणीच चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली. सगळे कोळी उतरले, मग खलाशी, आणि सगळ्यांत शेवटी भाऊजी, यांना खांद्याचा आधार देत. हे आजही त्याच दिवसाचं बोलतात. तेवढा एक दिवस बोटीचा, असं म्हणतात.

त्यानंतर तिला मोडीत काढायचं ठरलं होतं. पण नवी बोट वेळेत आली नाही, म्हणून हिलाच दुरुस्तीला घेतलं. पाइपांवर उष्णता कोंडायला जुनं पांढरं आवरण गुंडाळलेलं होतं. ते या दोघांनी महिनोन् महिने हातानं सोलून काढलं, तोंडाला रुमाल बांधून. त्या काळी कितीतरी जहाजांवर तेच असायचं, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. बोट आणखी थोडी वर्षं चालली आणि मग तुटायला गेली. तुम्ही भोकरला शेतीवर आलात, आम्ही लातूरला.

यांच्या खोकल्यावर आधी टीबी समजून गोळ्या दिल्या. उतार पडेना. मग इथल्या एका नव्या डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅन बघितला आणि औषधाचं काहीच न बोलता विचारलं, तुम्ही नोकरी कुठं केली? यांनी इंजिनाचं, पाइपांचं सगळं सांगितलं. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. ते आवरण अ‍ॅस्बेस्टॉसचं होतं म्हणाल्या. त्याची बारीक कुसळं फुप्फुसात रुतून बसतात आणि त्रास वीस-तीस वर्षांनी वर येतो. ती काढता येत नाहीत.

परवा फोनवर तू म्हणालीस, भाऊजींचा खोकला सुटत नाही, सोयाबीनच्या मळणीत धूळ गेली असेल. मी कुकरचं निमित्त करून फोन ठेवला. ती धूळ भोकरची नसेल अंबिका. त्यांना नांदेडला ने, आणि डॉक्टरला पहिल्यांदा सांग की हा माणूस जहाजाच्या इंजिनात होता. लवकर कळलं तर पुष्कळ सांभाळता येतं म्हणतात. आणि आता तुझ्यासाठी लिहिते. बाहेर पडताना डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला थांबवून विचारलं, यांचे कामावरचे कपडे कोण धुवायचं? आपण दोघी ते गच्चीवर झटकायचो, मग भिजवायचो. तुझ्या केसांवर पांढरं बसायचं आणि मी तुला म्हातारी म्हणून चिडवायचे. बाईंनी माझाही स्कॅन करायला लावला. माझ्या फुप्फुसातही तेच निघालंय. यांना सांगितलं नाही. कळलं तर उरलासुरला दम स्वतःला दोष देण्यात घालवतील. भाऊजींना तपासायला नेशील तेव्हा नुसती सोबत म्हणून बाकड्यावर बसू नकोस. तुझंही नाव लाव.

तुझीच,
लुंबिनी