आपल्या मराठीतली डॉक्टरताई

१० फेब्रुवारी

चिन्मयीने मला विचारलंच नाही! जबलपूरच्या खमरियात फॅक्टरीचं शेजारचं क्वार्टर, पहिलीपासून सोबत, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला — आणि खाली खाज सुटली, वास येऊन राहिला, हे बाईसाहेबांनी कुणाला विचारावं? इन्स्टावरच्या डॉक्टरताईला! मला कळलं ते तुरटी मागायला आली तेव्हा. ताईने तुरटीच्या पाण्याने धुवायला सांगितलं म्हणे.

"काहून करते असलं? दवाखान्यात दाखव."

"अगं, पुण्याची आहे ती. किती छान आपल्या मराठीत बोलते! खोटं काहून सांगेल?"

इथे बाजारात, कॉलेजात सगळीकडे हिंदी. मराठी ऐकली की घरचं माणूस! मग मी कोण? मी काय चिनी बोलते?

११ फेब्रुवारी

त्या बाईचे सगळे व्हिडिओ पाहिले. गळ्यात स्टेथोस्कोप, कुठे शिकली त्याचा पत्ता नाही, शेवटी स्वतःची पावडर विकते. चिन्मयीला दाखवलं तर म्हणते, "तू जळतेस."

हो, जळते! 'ताई, ताई' करते तिला. माझ्याशी इतकं गोड कधी बोलली?

१३ फेब्रुवारी

आग होते म्हणाली. तरी धुवून राहिली!

१४ फेब्रुवारी

चलो, मीच इन्स्टावर नाव बदलून पान उघडलं. आवाज ओळखेल म्हणून नुसती अक्षरं. 'काहून' खोडून 'का' केलं, पुण्यासारखं. वर स्टेथोस्कोपचं चित्र — हो, तिच्यासारखंच! लिहिलं: तुरटी बंद करा, आतून धुऊ नका, डॉक्टरांना दाखवा, औषधाने बरं होतं. मग चिन्मयीला फॉलो केलं.

१६ फेब्रुवारी

वाचलं तिने! बदाम पाठवला! मला वर सांगते, "नवीन ताई सापडली. तुझ्यासारखी ओरडत नाही." तुरटी बंद केली. मी महिनाभर सांगितलं असतं तरी केली नसती. आता स्वतःच्याच पानावर जळून राहिले मी.

१७ फेब्रुवारी

पानावर चिन्मयीचा मेसेज. "ताई, उद्या दाखवायला जाते. मी एका मित्राबरोबर राहिले होते, डॉक्टर रागावतील का? सोबत कुणी नाही. नर्सिंगची मैत्रीण आहे, पण तिला हे कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही."

मित्र? कोण मित्र? मला काहीच माहीत नाही!

लिहिलं — डॉक्टर रागावणार नाहीत. मैत्रिणीलाच ने.

लगेच उत्तर आलं. "ती नको. ताई, तुम्ही जबलपूरला येऊ शकता का?"