ललिताच्या ज्युनिपरचं बोन्साय

३ मार्च
निर्णय पक्का. अंगणातल्या ज्युनिपरचं बोन्साय करायचं. ललितानं लावलेलं झाड. ती गेल्यापासून वाढतच सुटलंय, पार गच्चीच्या वर गेलं. कामरगावात बोन्साय कुणाकडेच नाही. व्हिडिओ पाहिले, सोपं आहे. मुलगी निता वाशीमला घर बांधतेय, तिला आईचं झाड हवंय. एवढं धूड जीपमध्ये कसं न्यायचं? म्हणून. दुसरं कारण नाही.

दुपार कलली की झाडाची सावली खिडकीतून माझ्या भिंतीवर येते. त्याचा याच्याशी संबंध नाही.

५ मार्च
व्हिडिओतला माणूस म्हणतो, उन्हाळ्यात कापू नका. त्याच्या मागे बर्फ होता. त्याला उन्हाळ्यातलं काय कळतं!

८ मार्च
करवतीनं शेंडा उतरवला. शेजारचा देवला कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "भाऊ, कोनाचा राग काढून राह्यले त्याच्यावर?" मी म्हटलं, याला स्टायलिंग म्हणतात. तो म्हणाला, बरं.

९ मार्च, दुपारी चहाच्या वेळी
सावली आता बरोबर ललिताएवढी. आधी नुसतं झाड वाटायचं. दाराजवळ उभी, एक फांदी कमरेवर ठेवलेल्या हातासारखी. प्रकाशाचा खेळ. मी हायस्कूलच्या लॅबमध्ये आयुष्य काढलंय, मला हे कुणी शिकवू नये.
चहा ओट्यावर घेतला. आत उकडतं.

१२ मार्च
कमरेवरची फांदी काढली. केवळ बॅलन्ससाठी.

१५ मार्च
आणखी निम्मं उतरवलं. आता सावली बसलेली दिसते. तांदूळ निवडायला बसायची तशी. फांद्यांना तार गुंडाळली, हलू नयेत म्हणून. वारा नव्हता, तरी हलल्या. तार सैल असेल.
हाताला ज्युनिपरचा वास लागलाय. झाडाजवळून आली की तिच्या हाताला यायचा. साबणानं जात नाही.

२१ मार्च
मुळं छाटली, चपट्या कुंडीत बसवलं. मुळं बादलीभर निघाली. एवढी लागत नसावीत. झाड आता मांडीवर मावेल. कुंडी घरात आणली, म्हणजे सावलीचा प्रश्न मिटला. तसा प्रश्न नव्हताच.

२२ मार्च
भिंत मोकळी. दुपारी निवांत झोपायचं ठरवलं. झोप लागली नाही. एकदा "ललिता" अशी हाक मारली. खोलीत आवाज घुमतो का, ते बघायचं होतं.
घुमतो.

२ एप्रिल
झाड उत्तम हिरवं. देवलाला मुद्दाम बोलावून दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. "वहिनीनं पाह्यलं असतं तं..." एवढंच म्हणाला आणि चप्पल घालून गेला. कौतुकच असणार.

१९ एप्रिल
रंग जरा राखाडी. जुन्या बोन्सायला अशी छटा येते, त्यालाच किंमत असते. रोज त्याच्याशी बोलतो. झाडांना आवाज लागतो, हे सिद्ध झालंय. आज सांगितलं, निताच्या घराचा स्लॅब टाकून झाला. पुढे उत्तरासाठी थोडा वेळ थांबलो. सवय आहे.

२७ एप्रिल
निता झाड न्यायला आली. कुंडीपुढं उकिडवी बसली. नखानं साल खरवडली. आत कोरडं, तपकिरी.
म्हणाली, "बाबा, हे मेलं. कवाचंच."
मी म्हटलं, परवापर्यंत हिरवं होतं, देवलाला विचार.
"हे झाड मेल्यावरबी लय दिवस हिरवं दिसते. नर्सरीवाल्यानं आईले सांगतलं होतं."
म्हणजे स्लॅबचं सांगितलं तेव्हाही. मी तिला करवत, तार, बॅलन्स सगळं समजावून सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बोलता आलं असतं.
मग म्हणाली, "जेवले का तुमी?"
मी हो म्हटलं. ती आत गेली, भांड्यांवरची झाकणं उचलून पाहिली आणि पीठ मळायला बसली. मी विळी ओढून कांदा चिरायला घेतला.
घरात कांदा होता, ते बरं झालं.