ट्रॅक्टरवर घालायचे हेडफोन

बाबा, मागच्या आठवड्यात ऑफिसात मला एक काम सांगितलं आणि तेव्हापासून तुमचा पुन्हा राग यायला लागलाय. एवढी वर्षं तो बरा दबून होता. इंदूरबाहेर, गौतमपुऱ्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर शिकवायचं एक केंद्र आहे, तिथे मी इन्स्ट्रक्टर आहे. बायकांची बॅच माझ्याकडे असते. साहेबांनी बोलावून सांगितलं, की शिकणाऱ्यांसाठी आवाज अडवणारे हेडफोन घ्यायचेत, कोणते ते तुम्ही ठरवा. टेबलावर दोन नमुने ठेवले होते. एक साधा, नुसता कान झाकणारा. दुसऱ्यात ब्लूटूथ होतं, म्हणजे आतल्या आत गाणं वाजतं आणि बाहेरून कुणी हाक मारली तर तीही ऐकू येते. साहेब म्हणाले, "मॅडम, गाने वाला तो शौक की चीज है. सादा ही ले लेते हैं." मी म्हणाले, दोन्ही चालवून बघते, मग सांगते.  

तुमचे कान नेमके कधी गेले ते आईलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्यांच्या शेतात दिवसभर ट्रॅक्टर चालवायचात, सोयाबीन निघालं की नांगरट, गव्हाच्या वेळी थ्रेशर, आणि त्या जुन्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर अर्धा फुटलेला. आई तुमच्याशी ओरडून बोलायची, म्हणून शेजारपाजारी समजायचे की आमच्याकडे रोज भांडणं होतात. आजोबा महूला फौजेत होते ना, त्यांच्या ओळखीचे एक हवालदारकाका एकदा घरी आले होते. निशाणेबाजीच्या मैदानावर घालतात तसे कानपट्टे त्यांनी मुद्दाम तुमच्यासाठी आणले होते. अंगणात ट्रॅक्टर सुरू करून तुम्ही ते घातलेत आणि मिनिटभरात काढून त्यांच्या हातात दिलेत. "काका, मशीन बोलते. तिचं ऐकावं लागतं. कान बंद करून गाडी थोडीच चालते?"  काका चहा पिऊन कानपट्टे पिशवीत घालून गेले.

मग त्या पावसाळ्यानंतर नाल्याकाठचं ते झालं. शेताचा मालक बांधावरून हात हलवत सांगत होता, "भिया, उधर मिट्टी धँसी हुई है, मत जाना." तुम्ही मान डोलावलीत आणि ट्रॅक्टर तिकडेच नेलात. मागचं चाक खचलं, ट्रॅक्टर आडवा झाला आणि तुम्ही उडी मारून वाचलात. घरी आल्यावर आईला सांगितलंत की ब्रेक लागला नाही. ब्रेक चांगले होते, बाबा. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बाहेर काढायला मी तुमच्याबरोबर आले होते, तेव्हा त्या मालकाने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. परत येताना तुम्ही मला मडगार्डवर बसवलंत आणि म्हणालात, "उद्यापासून तू माझ्याबरोबर. कुणी काही बोललं की माझ्या खांद्याला हात लाव. आणि एक ध्यानात ठेव, लोकांसमोर मला काही परत सांगायचं नाही."

मी अकरावीत होते. पंधरा दिवस शाळेत गेले नाही तेव्हा आमच्या मॅडम घरी आल्या. तो दिवस मला अजून दिसतो. आई ओट्याशी पोहे परततेय, तुम्ही पाटावर, मॅडम दारातल्या खुर्चीत, आणि मी भिंतीला टेकून उभी. मॅडमचा आवाज मुळातच हळू. त्या सांगतायत, मुलगी हुशार आहे, गणितात पुढे जाईल, तिला सोमवारपासून पाठवा, फॉर्म मी भरून घेते. तुम्ही हसून म्हणताय, "हो हो मॅडम, बिलकुल." मॅडमचा चेहरा खुलतो. त्या उठतात, माझ्या पाठीवर हात ठेवतात आणि जातात. सोमवारी सकाळी मी युनिफॉर्म घालून उभी राहिले तर तुम्ही म्हणालात, "हे काय?" मी म्हणाले, "मॅडमना तुम्ही हो म्हणालात." तुम्ही विचारलंत, "कशाला?"

तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं की त्या दिवशी ते सोयीचं होतं, हे मला कधीच कळलं नाही. आईने तेव्हा पहिल्यांदा तुमच्याशी ओरडून न बोलता, नुसती तुमच्याकडे बघत राहून भांडण केलं. मी युनिफॉर्म बदलला आणि ट्रॅक्टरवर येऊन बसले. तोंड तुमच्याकडे, डावा कान इंजिनकडे. चार वर्षं तशीच बसले. एकदा कानात कापूस घातला होता, तर चालत्या ट्रॅक्टरवर तो ओढून काढलात आणि म्हणालात, "तूच बहिरी झालीस तर मला काय उपयोग?" उपयोग हाच शब्द वापरला होतात. मी तो विसरायचा खूप प्रयत्न केला.

परवा मी तो गाण्याचा हेडफोन घालून ट्रॅक्टरमागचा, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर चालवला. इंजिन सुरू झालं आणि लांब गेलं, जणू शेजारच्या गावात चाललंय. फोनवरून कुठलं तरी जुनं गाणं लागलं. माझ्या बॅचमधली एक बाई, दोन लेकरांची आई, बाजूने चालत होती. ती नेहमीच्या आवाजात बोलली, "दीदी, आगे पाइप पड़ा है, थोड़ा दाएँ लो." मला स्वच्छ ऐकू आलं. थोड्या वेळाने मागून एक बारीक खरखर आली. थांबून बघितलं तर रोटाव्हेटरचं बेअरिंग जात होतं. उघड्या कानांनी ती खरखर मला कधीच सापडली नसती, एवढ्या गोंगाटात ती बुडून गेली असती. म्हणजे मशीन बोलते हे तुमचं खरं होतं, बाबा. पण ती कान झाकल्यावरच नीट ऐकू येते. हे कळायला एक दिवस पुरला असता. तुम्ही मिनिटभर थांबलात. मी ट्रॅक्टर बंद करून तशीच सीटवर बसून राहिले. ती बाई म्हणाली, "दीदी, क्या हुआ?" मी सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

साहेबांना मी सांगितलं, गाण्याचेच घ्या. ते म्हणाले, "गाना सुनते-सुनते किसी पे चढ़ा देंगी." मी म्हणाले, "सर, साधे दिले तर दुपारपर्यंत सगळ्याजणी काढून ठेवतील आणि मोबाईलचे इअरफोन कानात कोंबून इंजिनपेक्षा मोठा आवाज लावतील. यात गाण्याचा आवाज ठरलेल्या हद्दीपलीकडे जातच नाही. गाणं आहे म्हणून तो कानावर राहील." त्यांनी कागद पुढे ओढला आणि सही केली. बॅचला सांगितलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त वाटत राहिलं, की एका सहीचं काम होतं.

हे पत्र पाठवायचं कुठे, ते माझ्याकडेच राहील. फक्त एक गोष्ट सांगते. हेडफोन वाटायच्या आधी केंद्रात सगळ्यांचे कान तपासले, माझेही. तपासणाऱ्या मुलीने कागद बघून हळूच विचारलं, "मॅडम, डाव्या कानाने तुम्हाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. घरात आणखी कुणाला कमी ऐकू यायचं का? वडिलांना वगैरे?" समोर माझी सगळी बॅच बसली होती. मी म्हणाले, "नाही. माझ्या वडिलांचे कान शेवटपर्यंत चांगले होते."